सलाम

परवा दादरला नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. पाळकसाहेबांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचला. तो वाचणारच. हिंदूंच्या लग्नात मंगलाष्टकं, तसा आमच्याकडे हा प्रीतीचा अध्याय. सगळ्यांना पाठ, त्यामुळे ऐकत कुणीच नाही. अर्धे लोक फोटोग्राफरकडे बघत असतात आणि उरलेले जेवण कुठल्या हॉलमध्ये आहे याची चौकशी करत असतात.

मी तरी कुठे ऐकत होतो! मी तिसऱ्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाच्या पाठीकडे बघत होतो. मी त्यांना लालबागचे काका म्हणतो. म्हणायचो, असं लिहायला हवं. पंधरा वर्षांहून जास्त झाली, त्यांच्या घराचा आणि आमच्या घराचा सलामसुद्धा नाही.

(माहीत नसणाऱ्यांसाठी : आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं भेटलो की एकमेकांना 'सलाम' म्हणतो. सलाम म्हणजे शांती. रोज दहा वेळा म्हणून म्हणून त्यातली शांती कधी गळून पडली ते कळलं नाही.)

लालबागचे काका कोण ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात माझे बाबा. परळच्या चाळीत एका खोलीत आम्ही पाच माणसं. काका आमच्याच चर्चमधले, पण रेल्वेत, म्हणजे पगार चालू. दर शनिवारी संध्याकाळी ते हातात तांदळाची पिशवी घेऊन यायचे. "गावाहून जास्त आलेत वहिनी, आमच्याकडे ठेवायला जागा नाही," असं म्हणून पिशवी दारामागे ठेवायचे आणि चहासुद्धा न घेता जायचे. काकांचं गाव नगर जिल्ह्यातलं, ज्वारी-बाजरीचं. तिथून तांदूळ कुठला जास्त यायला? हे माझ्या डोक्यात शिरायला बरीच वर्षं गेली. आईला पहिल्याच शनिवारी कळलं होतं.

आणि याच काकांना २००९ च्या वार्षिक सभेत माझ्या बाबांनी, भर सभेत, चोर म्हटलं.

काका खजिनदार होते. हॉलच्या भाड्याचा हिशेब जुळत नव्हता. बाबांनी प्रश्न विचारला, तो रास्त होता. मग आवाज चढले आणि तो शब्द गेला. दोन महिन्यांनी पावती पुस्तक कुणाच्या तरी कपाटात सापडलं, हिशेब जुळला, पुढच्या मीटिंगमध्ये तशी नोंदही झाली. शब्दाची नोंद कुठेच नव्हती, त्यामुळे तो परत घ्यायचं कुणाला सुचलं नाही. बाबांना सुचलं असेल, पण जमलं नाही. कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांना मी तेव्हा विचारलं होतं की तुम्ही दोघांना समोरासमोर का बसवत नाही? ते म्हणाले, "आपण हा विषय प्रार्थनेत ठेवू."

प्रार्थनेत ठेवू! आमच्याकडे या वाक्याचा खरा अर्थ 'कपाटात ठेवू' असा आहे. देवावर माझा विश्वास आहे, प्रार्थनेवरही आहे. पण जे काम बसची दोन तिकिटं काढून लालबागला जाऊन होण्यासारखं आहे, ते देवाच्या अंगावर ढकलायचं याला मी भक्ती म्हणणार नाही. मी तरी याला चुकारपणाच म्हणतो.

आता मुद्द्यावर येतो. 'चर्च'ला आमचा जुना मराठी शब्द 'मंडळी'. कॅथलिक 'ख्रिस्तसभा' म्हणतात, आम्ही मंडळी. मला हा शब्द फार आवडतो, कारण तो घरातला आहे. जुनी माणसं बायकोलाही 'आमची मंडळी' म्हणत. मंडळी म्हणजे माणसं. पण गेल्या काही वर्षांत आपण मंडळी बांधण्यासाठी काय काय केलं याची यादी काढा : छप्पर बदललं, साऊंड सिस्टीम आणली, बाकांना पॉलिश केलं, बाहेरगावचे वक्ते बोलावले. सगळं चांगलं आहे. पण या यादीत माणसाचा माणसाशी संबंध येतो का? पाया सोडून सगळ्याची डागडुजी चालू आहे.

तो तेरावा अध्याय लग्नासाठी लिहिलेलाच नाही. पौलाने तो भांडकुदळ मंडळीसाठी लिहिला. पत्र सुरुवातीपासून वाचा. पहिल्याच अध्यायात गट आहेत, मी अमक्याचा, तू तमक्याचा. सहाव्यात भाऊ भावाला कोर्टात खेचतोय. अकराव्यात प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण आधीच पोटभर खाऊन पिऊन झिंगलेत आणि गरीब उपाशी बसलेत. बाराव्यात कुणाचं कृपादान मोठं यावर चढाओढ. आणि मग येतो तेरावा. म्हणजे हे कौतुकाचं गाणं नाही, खरडपट्टी आहे. आपण ती जरीच्या साड्यांत आणि फुलांच्या कमानीखाली वाचतो, म्हणून आपल्याला लागत नाही. माझं तर म्हणणं आहे की हा अध्याय लग्नात वर्षभर वाचूच नये. वार्षिक सभेत वाचावा, हिशेब मांडायच्या आधी.

आपल्या आधीच्या माणसांना हे कळत होतं, कारण त्यांना नात्यांची किंमत मोजावी लागली होती. १८४३ साली याच मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या आसऱ्याला होता. वय लहान म्हणून कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. पण तेवढ्याने भागेना. पोरगा ख्रिस्ती लोकांत जेवला होता, जातीचं दार बंद. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून खटपट केली, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. एका पोराच्या जेवणावरून अख्खं शहर भांडलं. काय खाल्लं याला महत्त्व नव्हतं, कुणाबरोबर बसून खाल्लं याला होतं. ज्यांची घरची पंगत अशी तुटली त्यांना नवी पंगत मिळाली, तिचं नाव मंडळी. आज त्याच मंडळीत लग्न जमवताना "मूळचे कोण?" हा प्रश्न हळूच विचारला जातो. विचारणारे आपल्यातलेच आहेत, आणि हे वाचणाऱ्यांतही आहेत. रागावू नका, पण आहेत.

दुसरं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपण त्यातलं सोयीचं तेवढंच घेतो. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, मुंबईतला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुन्हा एकत्र आल्यावरही टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही, त्यांचं सोवळं त्यांना पाळू दिलं. ते सोवळं त्यांच्या मनातून आपोआप, त्यांच्या वेळेने गळालं आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी वाटतं की या बाईला वादात कुणी हरवू शकलं नसतं. नवऱ्याने ओढ तुटू दिली नाही आणि चुलीचा मानही ठेवला, म्हणून ते घर पुन्हा उभं राहिलं. शंभर उपदेशांनी जे होत नाही ते असं होतं.

आता इथे एक सावधगिरी, नाहीतर माझंच म्हणणं माझ्यावर उलटेल. प्रीती म्हणजे सोसणं नव्हे. त्याच तेराव्या अध्यायातला सहनशीलतेचा शब्द काढून किती बायकांना परत मार खायला पाठवलं आहे! "सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल." १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरायचं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरपणा किंवा टाकून देणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. म्हणजे नुसता मारहाण करणारा नवरा कायद्याच्या लेखी चालण्यासारखा. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने हा अन्याय मोडला आणि २००१ साली संसदेने कायदा बदलला. १३२ वर्षं! रविवारी प्रीतीवर बोलणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना ही १३२ वर्षं टोचली होती? निरोगी नातं म्हणजे भांडण नसलेलं नातं नव्हे. ज्यात दुबळा माणूस न घाबरता 'मला दुखतंय' म्हणू शकतो, ते निरोगी.

काहीजण म्हणतील, ठीक आहे, पण हिशेब, घटना, ट्रस्ट, कोर्ट हे पण लागतं ना? लागतं. बाबांचा प्रश्न रास्त होता असं मी वर लिहिलंच आहे. हिशेब न विचारणं ही प्रीती नव्हे, ती मिलीभगत. पण नुसत्या कागदावर काही उभं राहत नाही, हेही खरं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. केवढी मोठी गोष्ट! आणि त्यातल्याच एका मंडळीच्या मालमत्तेचा गुजरातमधला वाद २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला : ठराव केला म्हणून मालमत्ता आपोआप एक होत नाही. मालमत्तेचं जे, तेच माणसांचं.

मग करायचं काय? मला मोठी योजना सुचत नाही. निम्मी मंडळी परळ-दादर सोडून कल्याण-विरारला गेली. रविवारी मेगाब्लॉक चुकवत येतात आणि आशीर्वाद झाला की गाडी पकडायला पळतात. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. शनिवारी कुणाच्या दारामागे पिशवी ठेवायची तर आधी वॉचमनच्या वहीत नाव लिहावं लागतं. हे सगळं खरं आहे. पण संपाच्या वर्षीही काकांना लालबागहून परळला चालतच यावं लागायचं.

एक राहिलं. बाबा २०१९ साली गेले. शिवडीच्या कब्रस्तानात आम्ही माती देत होतो तेव्हा काका फाटकाबाहेर उभे होते. छत्री मिटलेली, पाऊस चालू. मी पाहिलं. आत या, म्हणायला वीस पावलं जायचं होतं. मी गेलो नाही. तेव्हा हा सगळा आरडाओरडा मी कमिटीवर करतोय असं समजू नका.

परवाही लग्नात जेवणाच्या रांगेत काका माझ्या पुढे चौथे होते. मी ताट घेऊन दुसऱ्या रांगेत गेलो. चौपन्नाव्या वर्षी!

आईला काल विचारलं, लालबागला येतेस का? ती म्हणाली, "तांदूळ घे." मी म्हटलं, किती? तर म्हणाली, "जास्त."

शनिवारी जाणार आहोत. काका दार उघडतील की नाही ठाऊक नाही. उघडलं तर बाबांचा तो शब्द बाबांच्या वतीने परत घेईन आणि फाटकाचा हिशेब माझ्या नावावर मांडेन. नातेवाईकांना विनंती, आधीच फोन करून काकांना सांगू नका. आणि 'प्रार्थनेत ठेवतो' असं मला कुणी म्हणू नका. ठेवायचंच असेल तर दारामागे काहीतरी ठेवा, आपापल्या ओळखीच्या दारामागे.

असो. सलाम.