आंबोलीचा पिवळ्या पट्ट्यांचा शेजारी

जून लागला की आपल्या बेळगावकरांच्या गाड्या आंबोलीकडे वळतात. गेल्या वर्षी आम्हीही गेलो. सड्यावरच्या वीतभर डबक्यात माझी सात वर्षांची लेक उडी मारणार, तोच सोबतचे गाइड काका ओरडले, "बाळ, थांब! त्यात अंडी आहेत." शेजारी दगडावर अंगठ्याहून लहान, कुशीवर पिवळे पट्टे असलेला बेडूक बसला होता. आंबोली टोड.

घरी येऊन वाचत बसलो. याला शास्त्रीय नाव मिळालं २००९ मध्ये: झँथोफ्राइन टायगरिना, म्हणजे वाघासारखा पिवळा भेक. त्याचा भाऊबंद कोयना टोड १९६३ पासून शास्त्रज्ञांना माहीत होता, पण तेव्हा त्याला 'बुफो' या मोठ्या गटात घातलं होतं. एस. डी. बिजू, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासला, तेव्हा कळलं की या दोघांची शाखाच वेगळी आहे.

हे कळतं कसं? आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. एकाच प्रोग्रामच्या दोन प्रती दोन टीमकडे गेल्या की दोघी आपापले बदल करत जातात. पुढे दोन्ही शेजारी ठेवून फरक मोजले, की कोण कोणाच्या जवळचं ते समजतं. डीएनएमध्येही पिढ्यान्‌पिढ्या असे बारीक बदल साठतात. फरक जास्त, तर ताटातूट जुनी. रूप फसवतं, हा हिशेब सहसा फसवत नाही.

आणि याच हिशेबातून पुढचा धोकाही दिसतो. वस्ती लहान आणि तुटक झाली की जनुकांची देवाणघेवाण थांबते, वैविध्य घटतं, आणि नवा रोग किंवा बदललेला पाऊस झेलायची ताकद कमी होते. आंबोली टोड तर आंबोलीच्या आसपासच सापडतो आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्याची पिल्लं वाढतात ती कातळावरच्या उथळ, पावसाळी डबक्यांत. आपण चाक घालतो तिथेच.

लेकीने परतताना विचारलं, "बाबा, हे संपले तर दुसरीकडून आणता येतील?" सर्व्हरचा बॅकअप ठेवणाऱ्या माझ्याकडे उत्तर नव्हतं.

यंदा जाणार असाल तर गाडी रस्त्याकडेलाच लावा. रात्री घाटात सावकाश चालवा. आणि डबक्यात पाय टाकण्याआधी वाकून बघा.