लसीचा धडा एआयच्या काळात

ब्राउझर उघडून अर्ज स्वतःच भरणारे एआय एजंट आता आले आहेत. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागायतदाराचा सेतू केंद्रातला हेलपाटा त्यामुळे वाचेलही. पण मे २०२१ विसरू नये. १८ ते ४४ वयोगटाला लसीसाठी को-विनवर आधी वेळ घ्यावी लागे. संगणकाचे जाणकार प्रोग्रॅम लिहून रिकाम्या जागा हेरत. शहरांतले लोक खेड्यांत जाऊन लस घेत आणि गावकरी ताटकळत. अखेर २४ मे रोजी केंद्र सरकारने शासकीय लसीकरण केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा दिली. एजंट सर्रास झाले की ओपीडीच्या वेळांचेही तेच होऊ शकते. लस असो वा तपासणी, जागा मोजक्या असतील तिथे काही जागा खिडकीवर येणाऱ्यांसाठी राखूनच ठेवाव्यात.