आधी ओटा, मग समुद्र

मुलाबाळांसह हवाईतल्या माउई बेटावर निघालेली मंडळी कॉन्डो (स्वयंपाकघरासह भाड्याने मिळणारा फ्लॅट) निवडताना पहिली चौकशी करतात ती खिडकीतून समुद्र दिसतो का याची, आणि तिथेच चुकतात. आधी बेटाची बाजू पाहावी. ईशान्येकडून येणारे ओले वारे हालेआकाला (३०५५ मीटर) हा ज्वालामुखी अडवतो. म्हणून पूर्वेचं हाना सतत भिजतं आणि पलीकडचं किहेई जवळजवळ कोरडं राहतं. सह्याद्रीने कोकण आणि माणदेश वेगळे केले, तोच न्याय. किहेईत कामाओले नावाचे तीन किनारे ओळीने आहेत आणि तिथे जीवरक्षक असतात. लहान मूल सोबत असेल तर सातव्या मजल्यावरच्या देखाव्यापेक्षा या किनाऱ्यांपासून चालत जाण्याजोगा तळमजला केव्हाही सरस, कारण गॅलरीच्या कठड्याशी कुणाला दिवसभर पहारा द्यावा लागत नाही. मग ओटा बघावा. सुट्टीतही स्वयंपाकच करायचा का, हा आक्षेप रास्त आहे, घरातली बाई तो घेते तेव्हा तर पुरताच रास्त. पण जिथे बहुतेक किराणा बोटीने येतो त्या बेटावर तिन्ही त्रिकाळ बाहेर खाणं फार महाग पडतं, आणि पाण्यात खेळून दमलेल्या पोराला संध्याकाळी सहालाच वरणभात हवा असतो. तो बाबांनी लावावा. छोटा कुकर बॅगेत मावतो.