पगार कापून किती भरणार?

अल्पवयीन पोरानं गाडी ठोकली, समोरचा माणूस जागीच गेला आणि गाडीचा विमा केव्हाच संपलेला. अशी बातमी आली की लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पोराच्या चुकीपायी बापाला का भरडता? दुसरा म्हणतो, बापालाच आत टाका, त्याच्या पगारावर टाच आणा, घरदार विकायला लावा. पहिल्या पक्षानं कायदा नीट वाचलेला नाही आणि दुसऱ्यानं हिशेब मांडून पाहिलेला नाही.

पहिल्या पक्षाला सहानुभूती लवकर मिळते, म्हणून आधी त्याचा समाचार घेऊ. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-ए आलं. अल्पवयीनाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. वाचताना हे फार कडक वाटतं. पण पालकाला बचावाची वाट त्याच कलमात ठेवलेली आहे. आपल्याला पत्ता नव्हता, किंवा आपण शक्य ती सगळी काळजी घेतली होती, हे त्यानं सिद्ध केलं की तो सुटला. म्हणजे शिक्षा आहे ती किल्ली दिल्याची.

आणि किल्ल्या कशा दिल्या जातात ते पाहायला लांब जावं लागत नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास नववी-दहावीच्या कुठल्याही क्लासबाहेर उभं राहा. ११० आणि १२५ सीसीच्या स्कूटरांची रांग लागलेली असते. सोळाव्या वर्षी कायदा परवानगी देतो ती ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीची, आणि या रांगेत तसली एकही सापडायची नाही. डिकीत आरसीची झेरॉक्स असते ती पप्पांच्या नावाची. हेल्मेट आरशाला लटकवलेलं असतं, तेही आईनं बजावून दिलेलं. टाकी भरायला पैसेही घरातूनच आलेले असतात. एवढं सगळं केल्यावर ‘मला माहीतच नव्हतं’ हे वाक्य कोणत्या तोंडानं म्हणायचं?

दुसरं असं की नुकसानभरपाईचा बोजा बापपणावर पडतच नाही, तो प्रामुख्यानं मालकीवर पडतो. गाडी काकाच्या नावावर असेल तर दाव्यात काका येतो, आजोबांच्या नावावर असेल तर आजोबा. स्कूटर दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या माणसाला विकली, पैसे घेतले, पण आरटीओत नाव बदलायचं राहून गेलं, तरी मालक तुम्हीच. आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. नाव बदलायचा कंटाळा करणाऱ्या सभ्य गृहस्थांनी हे एकदा शांतपणे वाचावं.

‘अहो, पण आमचा विमा आहे’ असं म्हणून निर्धास्त राहणारेही बरेच असतात. लायसन्स नसलेल्या पोराच्या हाती गाडी देणं हा पॉलिसीच्या अटींचा भंग आहे. अशा वेळी कोर्ट बहुधा विमा कंपनीला सांगतं, आधी पीडिताला पैसे दे आणि मग मालकाकडून वसूल कर. २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालापासून ही वाट रुळली आहे. मालक काही सुटत नाही. पण मयताच्या घरी पैसे पोचतात, कारण मधे एक कंपनी उभी असते. पुढचा सगळा वाद या ‘मधे’वर आहे.

विमा नसला की ही मधली कंपनीच नाहीशी होते. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि चारचाकी घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ती मुदत संपली की शोरूमवाल्याचा फोन येत नाही आणि मालकालाही आठवत नाही. दीडशे सीसीपर्यंतच्या साध्या स्कूटरचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ च्या दरानं वर्षाला ७१४ रुपये, वर जीएसटी. तेवढ्यात चौघांचं हॉटेलातलं एक जेवणही धड होत नाही. न भरणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे पैसे जड नसतात, ते नुसते राहून जातात.

आता दुसरा पक्ष. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेनं दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर मिळालेला जामीन, मग रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप. लोक खवळले ते रास्तच होतं. पण त्या प्रकरणानं आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसवलं: श्रीमंत बाप, माजलेला पोरगा आणि गरीब बळी. असल्या बापाला पिळलं की पैसे निघतात, हे त्या चित्रात गृहीतच आहे. क्लासबाहेरच्या रांगेतल्या स्कूटरचा मालक मात्र महिना चाळीस-पन्नास हजारांवर घर चालवणारा, फ्लॅटचे हप्ते फेडणारा नोकरदार असतो. त्याला पिळलं तर काय निघतं, ते कागदावर मांडून पाहू.

मयत तीस वर्षांचा, महिना २० हजार कमावणारा, मागे बायको आणि दोन लहान मुलं. मोटार अपघात न्यायाधिकरण हिशेब असा करतं: पुढं वाढलं असतं ते उत्पन्न म्हणून ४० टक्के मिळवा, म्हणजे २८ हजार. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करा. उरलं ते बारानं गुणा, मग तिशीच्या वयाला लागू असलेल्या १७ या गुणकानं गुणा. आकडा येतो ३८ लाख ८ हजार. वर अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा आणि व्याज.

आता गाडीमालक बाप घ्या, पगार ५० हजार. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. जप्त होऊ शकतात महिना १६,३३३ रुपये. एवढ्यावर संपत नाही. एकाच हुकूमनाम्यासाठी पगारजप्ती चोवीस महिनेच चालते, त्यानंतर त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा. चोवीस महिन्यांत हाती येतात ३ लाख ९२ हजार. ३८ लाखांवर साडेसात टक्क्यांनी व्याज धरलं तर दोन वर्षांचं नुसतं व्याजच होतं ५ लाख ७१ हजार. मुद्दलाला हातसुद्धा लागत नाही.

म्हणून ‘पगारावर टाच आणली तर त्याची पोरंबाळं उपाशी मरतील’ हे पहिल्या पक्षाचं रडगाणंही खोटं आणि ‘टाच आणा, न्याय होईल’ ही दुसऱ्या पक्षाची आरोळीही पोकळ. कर्जदाराच्या कुटुंबाची काळजी कायद्यानं भरपूर घेतली आहे. पीएफ, ग्रॅच्युइटी, आयुर्विम्याची रक्कम, सगळं जप्तीबाहेर. कर्जदाराला भिकेला लावू नये हे तत्त्व मलाही मान्य आहे. फक्त त्या तत्त्वाचा सगळा खर्च तीस वर्षांच्या विधवेनं का सोसावा, एवढंच कुणी समजावून सांगावं.

मालमत्ता आहे ना, असं वकील म्हणतील. आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७४ खाली कलेक्टरकडे वसुली दाखला जातो, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करायची म्हणून. २०१९ पासून न्यायाधिकरणाला दिवाणी कोर्टासारखी अंमलबजावणी करण्याचे अधिकारही मिळाले. प्रत्यक्षात दाखला तहसीलमधल्या गठ्ठ्यात जाऊन पडतो. फ्लॅटवर बँकेचा पहिला बोजा असतो. गावाकडची जमीन चार भावांच्या सामाईक सातबाऱ्यावर असते. दरखास्त दाखल करायची बाईनं, बेलिफामागं फिरायचं बाईनं, बापाची मालमत्ता कुठं आहे हे शोधून कोर्टाला सांगायचं तेही बाईनंच. विमा नसलेली गाडी सोडू नका, लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात भरा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा आदेश आहे. चांगलाच आहे. पण आठ वर्षं जुन्या स्कूटरच्या लिलावातून येऊन येऊन किती येणार?

‘अमेरिकेत बघा, बापाचा पगार कसा कापतात’ हेही ऐकायला मिळतं. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार साध्या देण्यासाठी खर्चायोग्य पगाराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त कापता येत नाही आणि टेक्सससारख्या राज्यात असली पगारकपात जवळपास होतच नाही. कॅलिफोर्नियात मुलाच्या लायसन्सच्या अर्जावर सही करणारा पालक अपघाताला जबाबदार धरला जातो, पण तोही ठरावीक रकमेपर्यंतच. नक्कलच करायची तर ब्रिटनची करावी. तिथं विमा कंपन्यांनी मिळून चालवलेला मोटर इन्शुरर्स ब्युरो १९४६ पासून आहे. बिनविम्याच्या गाडीनं कुणाला उडवलं तर भरपाई तो देतो आणि मग गाडीवाल्याच्या मागं लागतो.

आपल्याकडे याचं बी पेरलेलं आहे. कलम १६४-बी खाली मोटार वाहन अपघात निधी आहे. २०२५ च्या योजनेप्रमाणे जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे रोकडविरहित उपचार होतात, गाडीला विमा असो वा नसो. पण माणूस दगावला की हिशेब विचित्र होतो. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर कलम १६१ खाली वारसांना दोन लाख मिळतात. गाडी सापडली, नंबर मिळाला, मालक समोर उभा आहे, फक्त विमा नाही, तर सरकारी तिजोरीतून काही नाही. अपराधी ओळखू आला हा जणू मयताच्या घरच्यांचाच दोष!

माझी मागणी सरळ आहे. बिनविम्याच्या गाडीच्या प्रकरणात न्यायाधिकरणाचा निवाडा झाला की पूर्ण रक्कम या निधीनं भरावी आणि मालकाच्या मागं निधीनं लागावं. विमा कंपनीला जे ‘आधी दे, मग वसूल कर’ लावलं, तेच इथं लावायचं. यावर आक्षेप येईल तो ठरलेला: दरसाल इमानानं हप्ता भरणाऱ्यांनी चुकारांचा भुर्दंड का सोसावा? आक्षेप खोटा नाही. म्हणूनच वसुलीला धार हवी. अशा निवाड्यांपुरती कलम ६० मधली चोवीस महिन्यांची मर्यादा उठवा, एक तृतीयांशाची ठेवा. वरच्या उदाहरणातल्या बापाच्या पगारातून वर्षाला १ लाख ९६ हजार येतील आणि बिनव्याजी मुद्दल फिटायला साडेएकोणीस वर्षं लागतील. त्याचं घर त्या काळात चालेल, गाडी मात्र घेता यायची नाही. निधीला तेवढं थांबायला काही हरकत नाही. मयताची मुलं तोवर शाळा-कॉलेज संपवून नोकरीला लागलेली असतील, आणि त्यांच्या फीचे पैसे त्या-त्या वर्षीच लागतात.