संपलं का गं?

माणसाला कोणते प्रश्न विचारू नयेत हे आपल्या समाजाने फार पूर्वीच ठरवून ठेवले आहे. पुरुषाला पगार विचारू नये, बाईला वय विचारू नये. (आपण दोन्ही विचारतो, ते सोडा, पण नियम तरी आहे.) या यादीत आणखी एका प्रश्नाची रीतसर भर घातली जावी असा माझा आग्रह आहे. पीएच.डी. करणाऱ्या मुलीला "संपलं का गं?" असे विचारू नये.

दरवर्षी डिसेंबर सरता सरता मी बंगळूरहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने मिरजेला उतरते आणि सांगलीला घरी येते. पुढच्या दहा दिवसांत हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला जातो तितक्या वेळा मी दत्ताचे नाव घेतले असते, तर नरसोबाच्या वाडीला माझ्या नावाची एक पायरी बसली असती. काका विचारतात, दूधवाला विचारतो. लग्नाच्या बुफेत हातातली जिलबी सावरत एक बाई म्हणतात, "ओळखलंस का मला?" आणि मी ओळखायच्या आत दुसरा प्रश्न येतोच. मी काय करते हे ज्यांना माहीत नाही, त्यांनाही ते आता संपायला हवे हे पक्के ठाऊक असते.

घोटाळ्याचे मूळ भाषेत आहे. सरकारी मराठीत मला 'संशोधक विद्यार्थी' म्हणतात. दोन शब्द आहेत. त्यातला पहिला नातेवाइकांच्या कानात शिरतच नाही, दुसरा तेवढा शिरतो. आणि २९व्या वर्षी विद्यार्थी म्हणजे कुठेतरी गाडी अडली आहे, हे गणित कुणालाही तोंडी सुटते. आत्याने तर एकदा आवाज खाली आणून आईला विचारले, "कुठला विषय राहिलाय तिचा?"

नियम काय म्हणतो ते तरी बघा. २०२२ सालच्या नियमावलीत पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षे दिली आहेत, बायकांना त्यावर सवलतही आहे. माझे पाचवे चालू आहे. म्हणजे सरकारचा धीर सुटलेला नाही, आत्याचा सुटला आहे.

आता सुट्टीबद्दल. माझा मावसभाऊ दहावीला आहे, त्याला नाताळची सुट्टी असते. काका बँकेत आहेत, त्यांना रजा असते. मला जे असते त्याला सुट्टी म्हणणे ही निव्वळ अफवा आहे. शिष्यवृत्तीवर संशोधन करणाऱ्याला वर्षाकाठी ३० दिवसांची रजा. उन्हाळी, हिवाळी वगैरे सुट्ट्या त्याला लागू नाहीत, असे नियमात स्वच्छ लिहिलेले आहे. वसतिगृह ओस पडते, मेसमध्ये तीच ती आमटी दोन दिवस फिरते, म्हणून त्या रजेतले दिवस मोडून आम्ही घरी येतो. आमच्याबरोबर लॅपटॉप येतो, लॅपटॉपमधून तिसरे प्रकरण येते आणि त्याच्या मागोमाग सरांचा निरोप येतो, "घरी मजा कर. फक्त ते तिसरं प्रकरण एकदा बघ." यातल्या 'फक्त' आणि 'एकदा' या दोन शब्दांपायी आमच्यातल्या निम्म्यांना चष्मे लागले आहेत.

घरी लॅपटॉप उघडला की ऐकायचे, "सुट्टीतसुद्धा काय ते!" मिटला की, "मग संपणार कसं?" उघडा आणि मिटलेला यांच्या मधली तिसरी अवस्था असलेला लॅपटॉप अजून बाजारात आलेला नाही. शिवाय "तू मोकळीच आहेस ना?" हे वाक्य तयारच असते. बँकेचे केवायसी मी करायचे, आजीच्या डोळ्यांत थेंब मी घालायचे, गॅसवाला येईल म्हणून घरी मी थांबायचे. एका वर्षी मार्गशीर्षातल्या गुरुवारी सवाष्णी सगळ्या जमल्या, पण कुमारिका कमी पडली, तेव्हा मला पाटावर बसवले होते. पलीकडच्या पाटावरची कुमारिका तिसरीत होती. तिलाही "यंदा कितवीत?" एवढेच विचारले. संपलं का, असे नाही.

मी नेमके काय करते हे कुणी विचारलेले नाही, पण सांगते. आंबोलीच्या कातळसड्यावर अंगठ्याएवढा एक भेक राहतो. भेक म्हणजे बेडकाचा खरबरीत अंगाचा भाऊ. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याला वेगळी जात म्हणून नाव दिले, झँथोफ्राइन टायग्रिना. अंगावरच्या पिवळ्या नक्षीमुळे नावात वाघ आला, बाकी डरकाळी वगैरे काही नाही. आंबोलीचा परिसर सोडला तर उभ्या जगात तो कुठे सापडत नाही, आणि अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत त्याची नोंद आहे. याचा विणीचा हंगाम म्हणजे पावसाच्या सुरुवातीचे थोडे दिवस. कातळावरच्या खळग्यांत दोन बोटे पाणी साचले की नर ओरडायला लागतात, माद्या येतात, अंडी घातली जातात, कार्य आटोपते. मी हे सगळे रात्री रेनकोट घालून, कपाळाला बॅटरी बांधून, ओल्या कातळावर उकिडवी बसून मोजते. आता मृग ७ जूनला निघतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. फक्त पावसाला ते दरवर्षी लक्षात राहतेच असे नाही. एखाद्या वर्षी पहिली सर येते आणि मग आठवडाभर लख्ख ऊन पडते. खळगे आटतात, त्यांतली पिल्ले वाळतात आणि त्यांच्याबरोबर माझे चौथे प्रकरणही वाळते. मग पुढच्या जूनपर्यंत वाट बघायची. म्हणजे पाच वर्षे म्हणजे कामाचे पाच पंधरवडे! तेव्हा संपलं का, हे मला विचारायचे की नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना?

एवढे सगळे मी आत्याला एकदा पोटतिडकीने सांगितले. ती म्हणाली, "बघ, बेडकाचंसुद्धा वेळच्या वेळी उरकतं."

काकांचा मार्ग अभ्यासू. त्यांनी रविवारच्या पुरवणीतले कात्रण जपून ठेवले होते. "कमला सोहोनी १९३७ साली केंब्रिजला गेल्या, १९३९ साली डॉक्टर झाल्या. तुझं अजून चाललंयच." अगदी खरे आहे. पण १९३३ साली बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला, त्या हटून बसल्या तेव्हा एका वर्षाच्या बोलीवर त्यांना आत घेतले, हेही सर्वांना माहीत असलेले आहे आणि त्या कात्रणात असणारच. काकांनी त्यातला फक्त वेग वाचला. शिवाय सोहोनीबाईंनी केंब्रिजमध्ये काम केले ते बटाट्यावर. बटाटा मंडईत बारा महिने मिळतो.

मित्रमंडळींचे दुखणे वेगळे. ते प्रश्न विचारत नाहीत, ते प्रेम करतात. शाळेतले आम्ही सहा जण दर डिसेंबरात भेटतो, भडंग आणि जुन्या मास्तरांच्या नकला यांवर तीन तास निघतात, आणि मग बिल येते. मी पर्समध्ये हात घातला की पाचही जण एका सुरात म्हणतात, "तू राहू दे गं, तू स्टुडंट आहेस." १ जानेवारी २०२३ पासून शिष्यवृत्ती वाढली आहे, कनिष्ठ संशोधकाला ३१ हजारांऐवजी ३७, वरिष्ठाला ३५ हजारांऐवजी ४२. आकडा काही वाईट नाही. ते पैसे महिन्याच्या महिन्याला येतात असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. माझे एकदा पाच महिन्यांचे अडकले होते. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, कारण पुढचेही तिथूनच यायचे आहेत. तेव्हा मित्रांनी बिल भरले याचा मला आनंदच व्हायला हवा, आणि पोटाला होतोही. पण ओल्या कातळावर काढलेल्या रात्रींना कुणी काम म्हणत नाही, आणि कामाला काम म्हटले नाही की त्याचे पैसे उशिरा देणाऱ्यालाही काही वाटत नाही. या दोन गोष्टींचा संबंध आहे, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या खेपेला मावसभाऊ गणिताच्या वहीतून डोके वर काढून म्हणाला, "ताई, मग बाकीचे महिने तो जातो कुठे?" पाच वर्षांत मला हा प्रश्न दोघांनी विचारला. एक हा, आणि दुसरे माझ्या प्रगतीचा आढावा घेणाऱ्या समितीतले एक गृहस्थ. दोघांनाही मी तेच उत्तर दिले, की तेच तर शोधतेय. मावसभावाचे समाधान झाले.

मित्रांनी यंदा एकतीस डिसेंबरला आंबोलीचा बेत काढला. "चल की, तुझा बेडूक दाखव!" मी म्हटले, हिवाळ्यात तो कुणालाच दर्शन देत नाही, मलाही नाही, त्याची खरी सुट्टी आहे. जूनमध्ये या, पहिल्या पावसात. छत्री आणा, स्पीकर आणू नका. आणि रात्री त्या घाटात गाडी सावकाश हाका. डांबरावर पिवळटसे काही हलताना दिसले तर थांबा, ते माझे चौथे प्रकरण असण्याचा फार संभव आहे.