प्रत राहिली, मूळ गेले

प्राचीन रोमची विद्या ख्रिस्ती मठवासीयांनी जपली, हे वाक्य आमच्या व्यासपीठांवरून अभिमानाने उच्चारले जाते. ते खोटे नाही. परंतु ते अर्धेच सत्य आहे, आणि अर्ध्या सत्यावर मान ताठ करणे आम्हांस मान्य नाही.

इटलीतील क्रेमोना येथील शासकीय अभिलेखागारात चर्मपत्रावरील एक हस्तलिखित अवशेष आहे. सिसेरोने इ. स. पूर्व ४६ मध्ये लिहिलेल्या ‘ब्रूटस’ या रोमन वक्त्यांच्या इतिहासातील काही परिच्छेद त्यावर नवव्या शतकातील अक्षरांत उतरलेले आहेत. एवढासा हा तुकडा, पण त्याच्यामागे एक लज्जास्पद कहाणी उभी आहे.

१४२१ साली लोदी येथील कॅथीड्रलमध्ये बिशप जेरार्दो लांद्रियानी यांना एक जुनी पोथी गवसली. वक्तृत्वशास्त्रावरील सिसेरोचे जे दोन ग्रंथ तोवर खंडित रूपातच ठाऊक होते, ते तीत संपूर्ण होते. ‘ब्रूटस’ तर सर्वस्वी विस्मृतीत गेला होता. अक्षर इतके पुरातन की वाचणाराही शोधावा लागला. १४२२ मध्ये फ्लाव्हियो बिओंदो यांनी ‘ब्रूटस’ची नक्कल केली आणि प्रतींवर प्रती इटलीभर पसरल्या. मूळ पोथीचे काय झाले? १४२८ नंतर तिचा मागमूस नाही. क्रेमोनाचे चर्मपत्र तिचेच असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. त्यावर एकमत नाही.

ज्यांना आम्ही अज्ञानाची म्हणतो, त्या शतकांतून ही पोथी सुखरूप पार पडली. ती हरवली विद्वानांच्या हाती! सुवाच्य नक्कल मिळाल्यावर दुर्वाच्य मुळाची चिंता कोण वाहणार?

‘मजकूर तर वाचला, मग बिघडले कुठे?’ असा प्रश्न कोणी करील. बिघडले ते असे: नक्कल करणारा कधी शब्द गाळतो, तर कधी न समजलेला शब्द आपल्या मतीप्रमाणे ‘सुधारतो’. दोन प्रतींत तंटा पडला की निवाडा मुळानेच करावयाचा. आणि मूळच नसेल तर उरतो तो तर्क. क्रेमोनाचा तुकडा मोलाचा आहे तो याचसाठी. निदान तेवढ्या परिच्छेदांपुरता एक जुना साक्षीदार हयात आहे.

आज नक्कल करण्यास लेखणीही लागत नाही. ‘छायाचित्र घेतले, आता कागद रद्दीत गेला तरी चालेल,’ हे उद्गार सुशिक्षितांच्याच तोंडी असतात. आम्ही त्यांना स्पष्ट सांगतो, ही बचत नव्हे, हा लोदीचाच प्रमाद आहे. छायाचित्रे अवश्य घ्यावीत. पण धर्मग्रामाच्या कपाटातील स्नानसंस्काराची जीर्ण नोंदवही असो वा आजोबांच्या हस्ताक्षरातील गीतांची वही, मूळ कोरड्या जागी, कापडात गुंडाळून जपावे. पूर्वजांनी जपले, हा त्यांचा गौरव झाला. आमचा हिशेब वेगळा मांडला जाईल.