परसातले तळे

बेडूक हा प्राणी रूपाने ओबडधोबड, आवाजाने कर्कश आणि स्पर्शाला थंडगार. ज्याची दृष्टी संकुचित, त्याला कूपमंडूक म्हणून हिणविण्याची चालच पडून गेली आहे. अशा या उपेक्षित प्राण्यासाठी कोणी आपल्या बागेत मुद्दाम खड्डा खणून तळे करावे, हे पुष्कळांना वेडेपणाचे वाटेल. परंतु इंग्लंडमध्ये कित्येक कुटुंबांनी असे केले आहे. आणि त्यांनी केले ते योग्यच केले.

एके काळी इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत शेतोशेती लहान लहान तळी होती. गुरे तेथे पाणी पीत आणि बेडूक तेथे अंडी घालीत. विसाव्या शतकात नळाचे पाणी गोठ्यापर्यंत आले, तेव्हा तळ्यांची गरज उरली नाही. काही बुजवून तेथे नांगर फिरविण्यात आला, काहींवर घरे उभी राहिली, तर काही गाळाने आपोआप भरून गेली. त्या शतकात निम्म्याहून अधिक तळी नाहीशी झाली. बेडकांनी अंडी कोठे घालावीत? त्यांना आसरा दिला तो घरामागील बागांतल्या इवल्याशा तळ्यांनी.

तेथे फेब्रुवारी संपत आला, की थंडीची पकड सैल होऊ लागते. गाळात, लाकडांच्या ओंडक्यांखाली किंवा पालापाचोळ्याच्या ढिगात हिवाळाभर निपचित पडलेले बेडूक तेव्हा जागे होतात. पावसाने भिजलेल्या रात्री ते तळ्याकडे निघतात. नरांचा घुमणारा मंद आवाज पाण्यावरून ऐकू येऊ लागतो. एकेक मादी हजार ते दोन हजार अंडी घालते. पाणी शोषून अंड्यांवरचे पारदर्शक आवरण फुगते आणि काठाच्या उथळ पाण्यात साबुदाण्याच्या खिरीसारखे पुंजके तरंगू लागतात. मात्र येथे प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका असतो. हा काळेपणा निरर्थक नाही. तो कोवळ्या उन्हाची ऊब शोषून घेतो आणि आतला जीव वाढू लागतो. दोनतीन आठवड्यांनी स्वल्पविरामाच्या आकाराचे बेडूकमासे बाहेर पडतात. त्यांना प्रथम मागचे पाय फुटतात, नंतर पुढचे. शेपूट आखडत जाते. आणि जून-जुलैच्या सुमारास नखाएवढी बेडकुळी गवतात उड्या मारू लागतात.

दोन हजारांतली किती बेडकुळी मोठी होतात? फारच थोडी. चतुराच्या अळ्या, मासे, पक्षी आणि साप यांच्या मुखी बहुतेक पडतात. हे पाहून मुलांचे मन कळवळते. काही मुले पुंजका बरणीत घालून शाळेत नेतात; काही तो शेजारच्या रिकाम्या तळ्यात नेऊन सोडतात. आपण जीव वाचविला, असे त्यांना मनापासून वाटते. येथेच विचार करण्याची गरज आहे.

एकोणीसशे ऐंशीनंतरच्या दशकात इंग्लंडमधील बागांत बेडूक मोठ्या संख्येने मरू लागले. रानाव्हायरस नावाच्या विषाणूंचा तो प्रताप होता. असा रोग एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाण्याचा एक मार्ग म्हणजे माणसाने हलविलेली अंडी, बेडूक, मासे, पाणवनस्पती आणि पाणी. म्हणजे दयेपोटी नेलेल्या बरणीतून मरणही प्रवास करू शकते. म्हणूनच तेथील जाणकार सांगतात, की पुंजके जेथे आहेत तेथेच राहू द्यावेत. बेडूकमासे खाल्ले गेले, तरी तो निसर्गाचा अपव्यय नव्हे. कित्येक प्राण्यांची उपजीविका त्यावर चालते. बेडूक इतकी अंडी घालतो, ते यासाठीच.

मग नव्या तळ्यात बेडूक यावेत कसे? ते आपल्या पायांनी येतात. तळ्याचा एक काठ उताराचा असावा, म्हणजे इवल्या बेडकुळ्यांना बाहेर पडता येते. त्यात पावसाचे पाणी साठवावे. शोभेचे मासे सोडू नयेत. ते बेडूकमासे फस्त करतात. जवळपास थोडे उंच गवत आणि लाकडांचा एखादा ढीग असू द्यावा. एवढे केले, की वाट पाहावी. पाहुणे पुष्कळदा एकदोन वर्षांत हजर होतात आणि बागेतली रोपे खाणाऱ्या गोगलगायी फस्त करून आदरातिथ्याची परतफेडही करतात.

कोणी म्हणेल, की शेतातली असंख्य तळी गेली, तेथे परसातल्या एका तळ्याने काय होणार? एकाने फारसे होणार नाही, हे खरे. परंतु थेंबे थेंबे तळे साचे, त्याचप्रमाणे तळ्यातळ्यांनी एका प्राण्याचा अधिवासही साचतो.

महाराष्ट्रात हा सोहळा वसंतात नव्हे, तर मृगाच्या पावसाबरोबर सुरू होतो. येथे बेडकांना तळे खणून देण्याची आवश्यकताही सहसा नसते. पाऊसच शेताच्या कडेला आणि माळावरच्या खोलगट जागेत डबकी भरून देतो. घराभोवतीच्या डब्यांत व फुटक्या भांड्यांत साचलेले पाणी डासांच्या भयास्तव ओतून टाकावे, हे उचितच. पण त्याच सबबीवर माळावरचे प्रत्येक डबके दगडमातीने बुजविणे, म्हणजे डास खाणाऱ्या चतुरांचे आणि किडे खाणाऱ्या बेडकांचे घर मोडणे होय.

इंग्लंडमधले परसातले तळे काय किंवा माळावरचे डबके काय, दोहोंची शिकवण एकच आहे. दुबळ्या जीवाला मदत करणे म्हणजे त्याला हातात घेऊन मिरविणे नव्हे. त्याला जागा द्यावी, पाणी द्यावे आणि मग दूर उभे राहून पाहावे. खऱ्या दयेला जसे हात असतात, तसाच संयमही असतो.